चाळीसगावच्या मोकळ्या जागेची कुळकथा

चाळीसगावात भडगाव रस्त्याने, करगाव रस्त्याने किंवा घाटरोडाने गावठाणाबाहेर पडले, की वसाहतींच्या मधोमध जमिनीचा एक तुकडा हटकून आढळतो, ज्याला तेथील लहानथोर सारे ‘ओपन स्पेस’ असेच म्हणतात. कोठे त्याला तारेचे कुंपण आणि लोखंडी फाटक असते, आत एक घसरगुंडी, दोन झोपाळे आणि अलीकडे शासकीय निधीतून बसविलेली व्यायामाची रंगीत यंत्रे असतात. कोठे कोपऱ्यात देऊळ आणि त्यापुढे पत्र्याचा मंडप असतो. आणि कोठे नुसती बाभळीची झुडपे, बांधकामाचा उरलेला राडारोडा आणि अक्षरे उडालेली एक पाटी. या तुकड्यावर झाडे लावावयाची की समाजमंदिर बांधावयाचे, पोरांनी तेथे क्रिकेट खेळावे की भरतीची तयारी करणाऱ्यांनी धावावे, दिवा कोणी लावावयाचा आणि रोपांना पाणी कोणी घालावयाचे, हे त्या त्या आळीचे अतिशय जिव्हाळ्याचे प्रश्न होत. हा तुकडा आला कोठून आणि त्यावर देखरेख करण्याचा अधिकार नगरपरिषदेकडे कोणत्या वाटेने आला, ही हकीकत सव्वाशे वर्षांहून जुनी आहे, आणि ती मुळापासून लावून पाहिल्याखेरीज त्या तुकड्याची आजची दैना समजणार नाही.

नगरपालिका जन्मास येण्यापूर्वी खानदेशातल्या कसब्यांना मोकळ्या जागेची उणीव नव्हती, आणि म्हणूनच तिच्यावर देखरेख करावी असे कोणाच्या मनातही आले नव्हते. गावाबाहेर गुरांसाठी गायरान होते, पिकांच्या मळणीसाठी खळवाडी होती. उन्हाळ्यात कोरडे पडणारे नदीचे पात्र बाजाराला, जत्रेला आणि पोरांच्या खेळांना पुरत असे, आणि तरुणांच्या अंगातली रग जिरविण्याचे काम गल्लीतली तालीम आणि तिचा वस्ताद यांच्याकडे असे. पाटील-कुलकर्ण्यांचे दफ्तर जमिनीच्या साऱ्यासाठी होते, शेटे-महाजनांची नजर पेठेवर होती आणि कोतवालाची राखणीवर. मुलांनी खेळावे कोठे, याची तजवीज कोणाच्याच वतनात लिहिलेली नव्हती. चाळीसगावाला तर तितूर आणि डोंगरी अशा दोन नद्या लाभल्या. पात्र मोकळे ठेवण्याचे भान सुटले म्हणजे काय होते, हे ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस दोन्ही नद्यांचे पाणी वस्तीत आणि बाजारपेठेत शिरले तेव्हा साऱ्या गावाने पाहिले.

सार्वजनिक निगराणीची कल्पना कायद्याच्या पोटी आली. १८५० च्या सव्विसाव्या कायद्याने गावच्या रहिवाशांची इच्छा असल्यास तेथे नगरसुधारणेची व्यवस्था करता येऊ लागली. पुढे १८७३ मध्ये मुंबई इलाख्यासाठी जिल्हा नगरपालिकांचा कायदा झाला. १८ मे १८८२ रोजी लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव प्रसिद्ध झाला आणि त्याच्या पाठोपाठ १८८४ चा कायदा आला. या साऱ्यांचे परिणत रूप म्हणजे १९०१ चा मुंबई जिल्हा नगरपालिका कायदा होय. तो आला त्याच सुमारास, म्हणजे १९०० साली, चाळीसगावहून धुळ्याकडे रेल्वेचा फाटा निघाला होता आणि मुंबई-भुसावळ मार्गावरचे हे ठाणे जंक्शन बनले होते. कापसाचा व्यापार, रेल्वेचे नोकर आणि घाटावरून उतरणारी वाहतूक यांमुळे गावाची वस्ती गावठाणाच्या वेशीत मावेनाशी होण्याचा तो आरंभकाळ.

आता या १९०१ च्या कायद्याकडे अंमळ जवळून पाहिले पाहिजे, कारण ओपन स्पेसच्या साऱ्या दुखण्याचे मूळ तेथेच आहे. नगरपालिकेची कर्तव्ये त्याने दोन पंक्तींत बसविली. पहिली पंगत आवश्यक कर्तव्यांची: रस्त्यांवरील दिवाबत्ती, झाडलोट, आग विझविणे, मृतांच्या विल्हेवाटीच्या जागा राखणे, जन्ममृत्यूची नोंद, देवी टोचणे, प्राथमिक शाळा चालविणे. दुसरी पंगत ऐच्छिक कर्तव्यांची, म्हणजे पालिकेच्या मनात आले आणि तिजोरीत शिल्लक उरली तर करावयाची. सार्वजनिक बागा व उद्याने या दुसऱ्या पंगतीत आहेत, आणि तीही एका लांबलचक कलमात ग्रंथालये, वस्तुसंग्रहालये, वेड्यांची इस्पितळे, सभागृहे आणि धर्मशाळा यांच्या मांडीला मांडी लावून. कायदा करणाऱ्यांचा यात दुष्ट हेतू होता असे मला वाटत नाही. पटकी आणि प्लेग यांनी गावेच्या गावे ओस पडत असताना गटार हे बागेच्या आधी यावे, हे तेव्हा न्याय्यच होते. परंतु तात्पुरत्या निकडीतून ठरलेला तो अनुक्रम पुढे शिरस्ता बनला. १९६५ चा महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियम आला तेव्हा मधली सहा दशके उलटली होती, देश स्वतंत्र झाला होता, महाराष्ट्र राज्य झाले होते, पूर्व खानदेशाचा जळगाव जिल्हा झाला होता. तरी बागांचे पान मांडले गेले ते पूर्वीच्याच ऐच्छिक पंगतीत. ज्या कामाबद्दल नगरपरिषदेस कोणी जाब विचारू शकत नाही, त्या कामाला अंदाजपत्रकात सर्वांत शेवटी हात घातला जातो, आणि कात्री चालवावयाची झाली तर ती प्रथम त्याच्यावरच चालते.

सार्वजनिक जागेतला ‘सार्वजनिक’ कोण, हा प्रश्नही याच काळात उभा राहिला, आणि त्याची एक अत्यंत क्लेशदायक साक्ष खुद्द चाळीसगावच्या मातीत आहे. १९२३ साली सी. के. बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला, की सार्वजनिक पैशांतून बांधलेल्या वा चालविलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा आणि दवाखाने अस्पृश्यांस खुले असावेत. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये त्याप्रमाणे चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला आणि १९२७ च्या सत्याग्रहानंतर तो मागे घेतला, हे महाराष्ट्रास ठाऊक आहे. चाळीसगावची कथा १९२९ ची. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी सरकारने नेमलेल्या समितीचे सभासद या नात्याने डॉ. बाबासाहेब आंबेडकर खानदेशातले काम आटोपून मुंबईस परत निघाले असता चाळीसगावच्या अस्पृश्य लोकांनी स्थानकावर येऊन त्यांना एक रात्र मुक्कामाचा आग्रह केला. त्यांची वस्ती स्थानकापासून दोन मैलांवर, नदीपलीकडे होती. अस्पृश्यास टांग्यात घेऊन जाण्यास एकही टांगेवाला राजी होईना. अखेर टांगा भाड्याने द्यावयाचा आणि हाकणारा मात्र वस्तीतलाच असावा, अशी तडजोड निघाली. हाकणाऱ्यास टांग्याची सवय नव्हती. नदीवरच्या फरशीला कठडा नव्हता, नुसते अंतराअंतरावर बसविलेले दगड होते. चाक दगडाला अडकले, घोडा टांग्यासह खाली गेला आणि बाबासाहेब फरशीवर फेकले जाऊन त्यांचा पाय मोडला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आत्मपर लेखनात त्यांनी ही हकीकत स्वतः लिहून ठेवली आहे.

मोकळ्या जागेच्या कुळकथेत ही घटना मी मुद्दाम घालतो. त्या प्रसंगी दोन गोष्टी एकाच ठिकाणी उघड्या पडल्या: समाजाने एका वस्तीला ठेवलेले अंतर, आणि त्या वस्तीकडे जाणाऱ्या वाटेवरचा न बांधलेला कठडा. एखाद्या आळीकडे नगराच्या कारभाराची नजर पोहोचते की नाही, हे सभागृहातल्या भाषणांवरून कळत नाही. ते तिथल्या फरशीवरून, दिव्याच्या खांबावरून आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेवरून कळते. आजही शहरातली कोणती ओपन स्पेस हिरवी आहे आणि कोणती उकिरडा झाली आहे, याचा नकाशा काढून त्यावर वस्त्यांची नावे लिहिली, तर पुष्कळ काही वाचता येईल.

पुढचा धागा नगररचनेचा. मुंबई इलाख्यात १९१५ मध्येच नगररचनेचा कायदा झाला होता. १९५४ च्या कायद्याने विकास आराखडा करणे स्थानिक संस्थांना बंधनकारक झाले. आणि १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम आजही अंमलात आहे. या कायद्यांनी बागेला प्रथमच नकाशावर हक्काची जागा मिळवून दिली, आणि ती दोन मार्गांनी. पहिला मार्ग आरक्षणाचा: आराखड्यात अमुक भूखंड क्रीडांगणासाठी, अमुक उद्यानासाठी असे रंगवून ठेवावयाचे आणि पुढे ती जमीन संपादन करावयाची. यात पैसा लागतो, आणि लहान गावाच्या तिजोरीत तो नसतो. म्हणून दहा वर्षे लोटल्यावर जमीनमालक १९६६ च्या अधिनियमाच्या कलम १२७ खाली सूचना देतो आणि ठरलेल्या मुदतीत संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते.

दुसरा मार्ग अभिन्यासाचा, आणि आपली ओपन स्पेस ही त्याचे अपत्य. शेतजमीन बिनशेती करून तिचे प्लॉट पाडताना मालकाने ठराविक हिस्सा मोकळा सोडावयाचा, हा तो नियम. २०२० पासून राज्यात बहुतेक ठिकाणी लागू झालेल्या एकत्रित नियमावलीत चार हजार चौरस मीटर वा त्याहून मोठ्या क्षेत्रासाठी तो दहा टक्के आहे. नगरपरिषदेस यात जमीन विकत घ्यावी लागत नाही, ही या व्यवस्थेची मोठी सोय. आणि तिची उणीवही तेथेच, कारण जमिनीबरोबर माळी, पाणी आणि विजेचे बिल यांची तरतूद येत नाही. शिवाय जागा मिळते ती फुटकळ. चार हजार चौरस मीटरांचा दहावा हिस्सा म्हणजे चारशे चौरस मीटर, म्हणजे वीस मीटर लांब आणि वीस मीटर रुंद असा चौकोन. पोलीस भरतीत मुलांना सोळाशे मीटर धावावयाचे असते. या चौकोनाची कड धरून धावणाऱ्यास त्यासाठी वीस फेऱ्या आणि ऐंशी वळणे घ्यावी लागतील. मग ती मुले पहाटेच्या अंधारात हमरस्त्याच्या कडेने धावतात, आणि मुली आठशे मीटरांच्या सरावासाठी सोबत शोधत बसतात. तालीम आणि वस्ताद गेल्यावर तरुणांचे खाते कोणाकडे आले, असे विचाराल तर कागदावर ते शिक्षण, क्रीडा व सांस्कृतिक कार्य समितीकडे आहे, आणि प्रत्यक्षात गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाकडे.

देखरेखीची रीत मात्र अजून जुनीच आहे. रहिवाशांनी सह्यांचा अर्ज द्यावयाचा, प्रभागाच्या नगरसेवकाने तो उचलून धरावयाचा, विषयपत्रिकेवर विषय लागावयाचा, सूचक आणि अनुमोदक मिळून ठराव व्हावयाचा. त्यानंतर अभियंत्याचे अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, निविदा, काम आणि देयक. बेकायदा वाटणारा ठराव जिल्हाधिकारी तहकूब करू शकतात. ही वाट लांब असली तरी मी तिला नावे ठेवणार नाही. ठरावाच्या इतिवृत्तात कोणी काय मागितले आणि कोणी हरकत घेतली हे राहते, आणि नागरिकाला ते पुढे उघडून दाखविता येते. २०२१ च्या अखेरीपासून मात्र राज्यातल्या शेकडो नगरपरिषदांची मुदत संपून तेथे प्रशासक आले, आणि निवडणुका डिसेंबर २०२५ पर्यंत लांबल्या. चाळीसगाव त्यांतच. प्रशासकाच्या सहीने कामे झालीही असतील, पण त्या काळात आळीचा अर्ज सभागृहात उचलणारे कोणी नव्हते, आणि लहान कामांना याच उचलण्याचा आधार असतो.

मध्यंतरी जून १९९३ मध्ये चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती अंमलात आली. बाराव्या अनुसूचीतल्या अठरा विषयांत उद्याने, बागा आणि क्रीडांगणे यांस स्थान मिळाले. परंतु ते विषय सोपवावयाचे की नाही, हे राज्यांच्या मर्जीवर राहिले, आणि प्रभाग समित्यांची सक्ती तीन लाख व त्यांहून अधिक लोकसंख्येच्या नगरांपुरतीच केली गेली. २०११ च्या जनगणनेत लाखाच्या आत असलेल्या चाळीसगावास ती लागू नाही. झाडाला मात्र १९७५ च्या कायद्याने वृक्ष प्राधिकरण दिले आहे, त्याच्या परवानगीवाचून कुऱ्हाड लावता येत नाही. त्याच झाडाखालच्या जमिनीस तेवढा जागता राखणदार अद्याप मिळालेला नाही.

तो राखणदार रहिवाशांनीच व्हावयाचा आहे, आणि न्यायालयाने त्यांस तो अधिकार मान्य केला आहे. बंगळूरात उद्यानासाठी राखलेली जागा एका खासगी रुग्णालयास दिली गेली तेव्हा तेथील रहिवासी न्यायालयात गेले, आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप रद्द ठरविणारा निर्णय कायम करताना परिसरातल्या लोकांना असा दावा आणण्याचा हक्क असल्याचे स्पष्ट केले. मात्र दाव्यापर्यंत जाण्याच्या कितीतरी आधी दोन कागद हाती असले पाहिजेत. एक, मंजूर अभिन्यासाचा नकाशा, ज्यात ओपन स्पेसची मोजमापे लिहिलेली असतात आणि जो नगरपरिषदेच्या नगररचना विभागातून माहितीच्या अधिकारात मागता येतो. दुसरा, त्याच गटाचा सातबारा किंवा मिळकतपत्रिका. त्या उताऱ्यावर नाव नगरपरिषदेचे आहे, भूखंडधारकांच्या संस्थेचे आहे, की प्लॉट विकून निघून गेलेल्या मूळ मालकाचेच अद्याप चालू आहे, हे वसाहतीतल्या कोणीतरी तलाठ्याकडे किंवा भूमापन कार्यालयात जाऊन एकदा पाहून यावे. नाव मूळ मालकाचे निघाले, तर पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर आपला पहिला अर्ज बागेसाठी न जाता त्या नोंदीच्या दुरुस्तीसाठी गेला पाहिजे.