सागरी तेलक्षेत्रांतील सुरक्षा व पर्यावरण व्यवस्थापन

सागरी तेलक्षेत्रांतील सुरक्षा व पर्यावरण व्यवस्थापन : समुद्रतळाखालील खनिज तेल व नैसर्गिक वायू यांचे वेधन व उत्पादन करताना होणारी मनुष्यहानी आणि सागरी प्रदूषण टाळण्यासाठी प्रचालकांवर घातलेली बंधने. उत्पादनमंचावर ज्वालाग्राही पदार्थ, यंत्रसामग्री व कामगारांची निवासस्थाने एकमेकांलगत असून सुटकेचे मार्ग मोजके असतात; त्यामुळे लहानशी चूकही अनर्थकारक ठरू शकते.

या क्षेत्रातील बरेच कायदे दुर्घटनांनंतर झाले. उत्तर समुद्रात १९६५ मध्ये ‘सी जेम’ हा मंच कोसळून १३ जण मृत्युमुखी पडल्यावर ब्रिटनमध्ये १९७१ चा कायदा झाला. कॅलिफोर्नियातील सँता बार्बराजवळील १९६९ च्या तेलगळतीने अमेरिकेतील पर्यावरणविषयक कायद्यांना चालना मिळाली. प्रारंभीच्या नियमांचा भर साधनसामग्री कशी असावी हे ठरवून देण्यावर व तिच्या तपासणीवर होता.

या पद्धतीची उणीव ६ जुलै १९८८ रोजी स्कॉटलंडनजीकच्या ‘पायपर आल्फा’ मंचावर उघड झाली. एका पंपाची सुरक्षा झडप दुरुस्तीसाठी काढलेली होती. ही माहिती रात्रपाळीच्या कामगारांपर्यंत न पोहोचल्याने त्यांनी तो पंप सुरू केला. वायुगळती, स्फोट व आग यांत १६७ जण दगावले. लॉर्ड कलन यांच्या १९९० च्या अहवालात १०६ शिफारशी होत्या. त्यांना अनुसरून १९९२ च्या विनियमांनी, संभाव्य धोके ओळखून ते आटोक्यात ठेवण्याची आपली व्यवस्था पुरेशी असल्याचे लेखी सिद्ध करण्याचे दायित्व प्रचालकावरच टाकले.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अशी व्यवस्था २०१० पर्यंत ऐच्छिक होती. त्या वर्षी मेक्सिकोच्या आखातातील ‘डीपवॉटर होरायझन’ दुर्घटनेत ११ जण मरण पावले व ८७ दिवस तेल समुद्रात मिसळत राहिले. त्यानंतर धोक्यांचे विश्लेषण, यंत्रणेतील फेरबदलांवर नियंत्रण, प्रशिक्षण व नियतकालिक परीक्षण सक्तीचे झाले. २०१३ च्या सुधारणेने, तातडीचा धोका दिसताच काम थांबविण्याचा अधिकार प्रत्येक कामगारास मिळाला.

भारतात मुंबई हाय क्षेत्राचा शोध १९७४ मध्ये लागला. २७ जुलै २००५ रोजी तेथे एका जखमी कर्मचाऱ्यास मंचावर पोहोचविताना साहाय्यक जहाज वायुवाहक नळीवर आदळले. त्यातून लागलेल्या आगीत मंच नष्ट झाला व २२ जणांचा बळी गेला. सागरी कार्यांतील सुरक्षेसाठी २००८ मध्ये स्वतंत्र नियम करण्यात येऊन त्यांच्या अंमलबजावणीचे काम तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाकडे सोपविण्यात आले.