किल्ल्यांचा जुडगा आणि अंगठा

बँकेकडून ओटीपीचा मेसेज येतो तो शेवटपर्यंत कोणी वाचत नाही. माझे साताऱ्याचे मामा वाचतात. वीज मंडळात उभी नोकरी झालेली, हातात आलेला कागद सहीशिक्क्यापर्यंत वाचायची सवय. एकदा त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि फोन माझ्यापुढे धरला. "सहा आकडे दिले, कोणाला सांगू नका म्हणाले, इथवर ठीक. पण खाली हे काय बरळलंय?" खाली अकरा अक्षरांची शेपटी होती. लहान-मोठी इंग्रजी अक्षरं, मध्येच एखादा आकडा, मध्येच अधिकचं चिन्ह.

ते बरळणं नव्हतं. ती खूण होती, मामांसाठी नव्हे तर त्यांच्या फोनसाठी लिहिलेली. तिचा अर्थ लागायला आधी मामांच्या डायरीत डोकवावं लागतं. विमा एजंटाने दिलेल्या एका जुन्या डायरीत त्यांनी पट्टीने तीन रकाने आखलेत: कशाचा, नाव, पासवर्ड. शेवटच्या रकान्यात प्रत्येक पासवर्डचा अखेरचा आकडा मुद्दाम एकाने वाढवून लिहिलेला असतो. डायरी चोराच्या हाती लागलीच तर चोर एकाने चुकावा, असा हिशेब.

या डायरीची टिंगल करणाऱ्यांनी फर्नांडो कॉर्बाटो यांची गोष्ट ऐकावी. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये १९६१ साली त्यांच्या गटाने एकच कॉम्प्युटर अनेकांनी वाटून वापरायची व्यवस्था करून दाखवली. यंत्र एक आणि वापरणारे अनेक, म्हणून ज्याच्या त्याच्या फायली वेगळ्या ठेवायला ज्याला त्याला एक गुप्त शब्द दिला. कॉम्प्युटरवरचा पासवर्ड तिथून सुरू झाला असं मानतात. २०१४ साली, ऐंशी ओलांडलेल्या कॉर्बाटोंनी एका अमेरिकी दैनिकाशी बोलताना कबूल केलं की पासवर्ड हे आता दुःस्वप्न झालं आहे आणि ते स्वतःसुद्धा आपले पासवर्ड कागदावर लिहून ठेवतात.

चोरीसुद्धा तिथलीच. ॲलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला त्या यंत्रावर आठवड्याला चार तास मिळायचे आणि पीएच.डी.च्या कामाला ते पुरत नव्हते. कोणतीही फाईल छापून हवी असेल तर पंच केलेलं कार्ड टाकायचं, अशी सोय होती. १९६२ मधल्या एका शुक्रवारी रात्री त्याने पासवर्डच्याच फाईलचं कार्ड टाकलं आणि शनिवारी भल्या पहाटे जाऊन छापील यादी उचलली. कुलूप फोडलं नाही, अंधारात भिंत चढला नाही. छपाईची सोय होती, ती वापरली. काही वर्षांनी त्याच यंत्रावर दोन व्यवस्थापक एकाच वेळी दोन फायली दुरुस्त करत होते, एक रोजच्या सूचनेची आणि दुसरी पासवर्डांची. त्या फायलींची अदलाबदल झाली आणि जो कोणी लॉगइन करेल त्याला आजची सूचना म्हणून सगळ्यांचे पासवर्ड दिसू लागले.

यातून लोक शिकले ते यादी उघडी न ठेवण्याचं. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ साली युनिक्स या कॉम्प्युटर-प्रणालीवरच्या अनुभवाचा निबंध लिहिला. पासवर्ड जसाच्या तसा न साठवता त्याचं परत उलगडता न येणारं रूप साठवायचं आणि त्यात आधी थोडा यादृच्छिक मजकूर मिसळायचा, ही रीत त्यात होती. मिसळायच्या मजकुराला त्यांनी नाव दिलं मीठ. मामांचा वाढीव आकडा हे त्याच मिठाचं घरगुती भावंड, जरा अळणी इतकंच. त्याच निबंधात लोकांनी निवडलेल्या ३,२८९ पासवर्डांची झडती आहे. ८६ टक्के पासवर्ड एक तर फार आखूड, एक तर नुसती लहान अक्षरं, नाहीतर शब्दकोशात सापडणारे निघाले. पंधरा महाभागांनी एकाच अक्षरावर भागवलं होतं.

म्हणजे माणसाला लक्षात राहील तो पासवर्ड कच्चा असतो, आणि पक्का लक्षात राहत नाही. पुढली चाळीस वर्षं जगभरातल्या कचेऱ्यांनी यावर एकच औषध दिलं: माणसाला दटावायचं. एक अक्षर मोठं हवं, एक चिन्ह हवं, दर नव्वद दिवसांनी बदला. हा दंडक ज्यात आला त्या २००३ च्या अमेरिकी सरकारी मार्गदर्शिकेचे लेखक बिल बर यांनी २०१७ साली, निवृत्तीनंतर, जाहीर पश्चात्ताप केला. तोवर मामांचा पासवर्ड दर तिमाहीला शेवटच्या आकड्याने एकेक पायरी चढत गेलेला होता.

दटावणीला कंटाळलेल्या माणसापुढे १९९९ साली मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ ने एक प्रश्न ठेवला: हा पासवर्ड मी लक्षात ठेवू का? ऑटोफिल, म्हणजे आपोआप भरून मिळणं, घरोघरी पोचलं ते या प्रश्नामुळे. त्याच सुमारास गेटर नावाचा एक फुकट प्रोग्रॅमही फिरत होता. गेटर म्हणजे मगर. तो तुमचं नाव, पत्ता, पासवर्ड सगळं लक्षात ठेवायचा आणि फॉर्म भरून द्यायचा. मोबदल्यात तुम्ही काय पाहता यावर नजर ठेवायचा आणि दुसऱ्यांच्या वेबसाइटवर आपल्या जाहिराती आणून आदळायचा. २००२ साली अमेरिकेतल्या वृत्तपत्रांनी त्याला कोर्टात खेचलं, पुढल्या वर्षी कंपनीने नाव बदलून क्लॅरिया केलं. भोळ्या माणसाने घरच्या किल्ल्या सांभाळायला मगर ठेवावी आणि मगरीने रोज थोडं थोडं कुरतडावं, अशी ती गंमत. माझ्या मते ऑटोफिलवर कायमचा अविश्वास बसलेल्या पिढीचं मूळ या मगरीत आहे.

बँकांनी तर दारच लावून घेतलं. इथे काही आपोआप भरू नका, असं ब्राउझरला सांगायची खूण एक्सप्लोरर ५ बरोबरच आली होती आणि बँकांच्या साइटवर ती सर्रास दिसू लागली. काहींनी पासवर्ड पेस्ट करायलाही बंदी केली, काहींनी पडद्यावर अक्षरं विस्कटलेला कीबोर्ड मांडला. परिणाम उलटाच. ज्याला प्रत्येक अक्षर हातानेच टिपायचं आहे तो वीस अक्षरांचा पासवर्ड कशाला ठेवेल? तो मुलाचं नाव आणि जन्मसाल ठेवतो. २०१३-१४ पासून एकामागून एक ब्राउझरांनी पासवर्डच्या बाबतीत ती खूण मानणंच सोडलं. २०१७ च्या सुधारित अमेरिकी मार्गदर्शिकेने पेस्ट करू द्या असं लिहून टाकलं आणि ठरावीक मुदतीने बदलण्याची सक्तीही काढली.

इथे परवलीच्या शब्दाची आठवण होते. परवलीचा शब्द रात्री वेशीवर पहारेकऱ्याला सांगायचा. त्यात एक गोष्ट न बोलता गृहीत असते, की पहारेकरी आपलाच आहे. तोच बनावट निघाला तर? इंटरनेटवरची बरीच फसवणूक या गृहीतावर चालते. बँकेच्या नावातल्या 'ओ' च्या जागी शून्य घातलेली साइट मामांना ओळखता येत नाही, मलाही घाईत येत नाही. पासवर्ड लक्षात ठेवून भरून देणाऱ्या प्रोग्रॅमला, म्हणजे पासवर्ड मॅनेजरला, येते. साठवताना त्याने पासवर्डबरोबर दाराचा पत्ताही टिपलेला असतो आणि एका अक्षराचा फरक असला तरी तो गप्प बसतो. आपण त्याला सोय म्हणून ठेवून घेतला, पण त्याची खरी कमाई या गप्प बसण्यात आहे. 'फोन आज पासवर्ड का भरत नाहीये' म्हणून वैतागून आपण हाताने टाइप करायला घेतो, नेमका तेव्हाच तो कधी कधी आपल्याला वाचवत असतो.

ही ओळख जिथे ढिली पडली तिथे घात झाला. स्टॅनफर्ड आणि कार्नेगी मेलनच्या संशोधकांनी २०१४ साली दाखवलं की काही मॅनेजर पान उघडताच, कोणी बोट न लावता, पासवर्ड भरून मोकळे होतात. कॉफीच्या दुकानातलं वायफाय ज्याच्या ताब्यात आहे त्याने तुमच्या पानात लपून दहा साइटची लॉगइन पानं घुसवली, की दहाही पासवर्ड त्याच्या ओंजळीत. २०१७ च्या अखेरीस प्रिन्स्टनच्या संशोधकांना जाहिरातवाल्यांच्या स्क्रिप्ट हाच डाव प्रत्यक्षात खेळताना सापडल्या. अदृश्य फॉर्म मांडायचा, ब्राउझरने त्यात भरलेला ईमेल पत्ता उचलायचा आणि त्यावरून माणसाचा माग काढायचा. शहाण्या मॅनेजरांनी यावर घातलेली अट साधी आहे. भरण्याआधी माणसाने एकदा बोट टेकवलं पाहिजे.

मोबाइलवर प्रश्न अधिक बिकट झाला. एक तर त्या इवल्याशा कीबोर्डवर मोठं अक्षर, चिन्ह, आकडा यांच्यासाठी तीन वेळा पाटी पालटावी लागते. आणि ॲपला पत्ताच नसतो. ब्राउझरमध्ये निदान वर साइटचं नाव दिसतं, ॲपमध्ये चित्र आणि दोन रिकामे चौकोन. सुरुवातीला अँड्रॉइडवरच्या मॅनेजरांनी पळवाट काढली. दृष्टिहीनांना पडदा वाचून दाखवण्यासाठी असलेली ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागायची आणि तिच्या आधारे चौकोन शोधून भरायचे. काम व्हायचं, पण त्यासाठी पडद्यावरचं सगळं वाचायचा हक्क द्यावा लागे, आणि तोच हक्क मागायला चोरांची ॲप्सही दारात उभी असत.

२०१७ साली अँड्रॉइड आणि आयफोन या दोन्ही घराण्यांनी रीतसर दार काढलं. अँड्रॉइड ८ मध्ये ऑटोफिलची स्वतंत्र चौकट आली. आयफोनच्या आयओएस ११ मध्ये कीबोर्डच्या वरच्या पट्टीत किल्ली दिसू लागली आणि पुढल्या वर्षी ती पट्टी इतर कंपन्यांच्या मॅनेजरांनाही खुली झाली. ॲपची ओळख पटवायची रीतही ठरली: साइटच्या मालकाने आपल्या साइटवर एक छोटी फाईल ठेवायची आणि तीत 'अमुक ॲप माझंच' असं लिहायचं. ॲप म्हणतं साइट माझी, साइट म्हणते ॲप माझं. दोन्हीकडून होकार आला तरच सोयरीक.

पण अँड्रॉइडवर सगळ्याच मॅनेजरांनी सोयरीक नीट तपासली नाही. जिनोआ विद्यापीठ आणि फ्रान्समधल्या युरेकॉमच्या संशोधकांनी २०१८ साली दाखवलं की अनेक नामांकित मॅनेजर ॲपच्या तांत्रिक नावावरून अंदाज बांधतात. ते नाव तर ॲप बनवणारा स्वतःच ठरवतो! आडनाव सारखं आहे म्हणून घरात घेण्यातला हा प्रकार. २०२३ मध्ये हैदराबादच्या ट्रिपल आयटीतल्या संशोधकांनी ऑटोस्पिल नावाची आणखी एक फट उघडी केली. एखादं ॲप आपल्या पोटातच दुसऱ्या साइटचं लॉगइन पान उघडतं, 'अमक्या खात्याने प्रवेश करा' म्हणतात तिथे. मॅनेजर त्या पानासाठी म्हणून पासवर्ड काढतो, पण गोंधळून तो पोटातल्या पानाऐवजी बाहेरच्या ॲपच्या चौकोनात सांडू शकतो. पाहुण्यासाठी वाढलेलं ताट दारातल्या माणसाने उचलावं तसं.

आता मामांची शेपटी. रिझर्व्ह बँकेच्या सांगण्यावरून ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन कार्ड वापरताना जादा पडताळणी आली आणि ओटीपी आपल्या अंगवळणी पडला. तो हाताने टिपायचा कंटाळा, म्हणून ॲप्सनी मेसेज वाचायची परवानगी मागायला सुरुवात केली. एका ओटीपीसाठी सगळी टपालपेटी! २०१७ मध्ये गूगलने वेगळी वाट काढली. ॲपचं नाव आणि त्यावरची बनवणाऱ्याची डिजिटल सही यांपासून अकरा अक्षरांची खूण तयार होते. बँक ती मेसेजच्या शेवटी चिकटवते. फोन खूण ओळखतो आणि तेवढा एकच मेसेज त्या एकाच ॲपच्या हाती देतो. ॲपला टपालपेटी उघडायची गरज उरत नाही. पाठोपाठ मेसेज वाचायच्या सरसकट परवानगीवर प्ले स्टोअरने कडक निर्बंध घातले. मला विचाराल तर या सगळ्या कुळात सर्वांत देखणं लेकरू ही शेपटी आहे. सोयही पुरी, आणि उघडं पडतं ते फक्त हवं तेवढंच.

मामांना मी हे सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "आणि फोनच गेला तर?"

प्रश्न बरोबर वर्मावर होता. सगळ्या किल्ल्यांचा जुडगा फोनमध्ये, फोनला बोटाचा ठसा, आणि ठसा जुळला नाही तर मागच्या दाराला चार-सहा आकड्यांचा पिन. लोकलमध्ये खांद्यावरून तो पिन पाहणं कितीसं अवघड आहे? अमेरिकेत बारमध्ये पिन टेहळून मग आयफोन पळवणाऱ्यांच्या बातम्या २०२३ मध्ये आल्या, तेव्हा ॲपलला जाग आली. २०२४ च्या जानेवारीत आलेल्या आयओएस १७.३ मधली नवी सोय चालू केली, तर नेहमीच्या जागेपासून दूर असताना साठवलेल्या पासवर्डांसाठी चेहरा किंवा बोटच चालतं, पिन चालत नाही. तिजोरी दुसऱ्याकडे ठेवणंही निर्धोक नाही. २०२२ मध्ये लास्टपास या पासवर्ड मॅनेजरकडून ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या. आतले पासवर्ड कुलपात होते, पण कोणाचं खातं कोणत्या साइटवर आहे ते पत्ते उघडेच होते.

त्याच वर्षी ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी एकत्र येऊन पासकीचा पुरस्कार केला. पासकीत भरायचंच काही नसतं. किल्लीचा गुप्त भाग साइटला कधी दिसतच नाही. साइट एक कोडं पाठवते, फोन बोट टेकवून घेतो आणि त्यावर सही करून परत पाठवतो. ही किल्ली पत्त्याला बांधलेली असते, त्यामुळे शून्य घातलेल्या नकली दाराला ती द्यायची म्हटली तरी देता येत नाही. आमच्या आजीच्या पिढीत ज्यांना सही येत नव्हती त्यांना लोक अंगठाबहाद्दर म्हणून हिणवायचे. आता बी.ई., एम.बी.ए. झालेले सगळे रांगेने अंगठा टेकवतात.

गेल्या महिन्यात मामांच्या फोनने विचारलं, पासकी तयार करू का? मामांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, त्यांनी अंगठा टेकवला. काम झालं. मग ते उठले, डायरी आणली, त्या खात्याच्या ओळीतला जुना पासवर्ड पट्टी लावून खोडला आणि तिसऱ्या रकान्यात लिहिलं: अंगठा. क्षणभर थांबले आणि पुढे कंसात 'डावा' असं लिहिलं.

टेकवला होता उजवा.