डेव्हिड रिझिओ : गायक आणि चिटणीस

स्कॉटलंडची राणी मेरी हिच्या चरित्रात डेव्हिड रिझिओ हे नाव बहुधा एका रात्रीपुरतेच येते. ९ मार्च १५६६ रोजी एडिंबरोच्या होलीरूड राजवाड्यात राणीच्या भोजनप्रसंगी तिच्यादेखत त्याला ओढून नेण्यात आले व त्याची हत्या झाली. या प्रसंगातील नाट्यामुळे ललित लेखकांना त्याची भुरळ पडली. तथापि त्यामागील राजकारण त्यामुळेच झाकोळले गेले.

रिझिओ मूळचा इटलीतील तुरीन परिसरातला. १५६१ मध्ये सव्हॉयच्या वकिलाच्या परिवारातून तो स्कॉटलंडात आला. राणीच्या गायकवृंदात खर्जाच्या आवाजाची उणीव होती. ती त्याने भरून काढल्याचे मुत्सद्दी जेम्स मेलव्हिल याने आपल्या आठवणींत नमूद केले आहे. १५६४ च्या अखेरीस राणीच्या फ्रेंच पत्रव्यवहाराचा तो चिटणीस झाला. या बढतीतच त्याच्या नाशाचे बीज होते. राणीपर्यंत पोहोचण्यासाठी उमरावांना आता एका परकीय, कॅथलिक गायकाची मर्जी सांभाळणे भाग पडले.

राणीचा पती डार्न्ली याला राज्याधिकारात बरोबरीचा वाटा हवा होता. तो मिळेना, याचे खापर त्याने रिझिओवर फोडले. दुसरीकडे, १५६५ च्या बंडात परागंदा झालेल्या प्रॉटेस्टंट उमरावांच्या जहागिरी जप्त करण्यासाठी पार्लमेंट भरू घातले होते. ते उधळणे त्या उमरावांना अगत्याचे होते. डार्न्लीच्या मत्सराला या हितसंबंधाची जोड मिळाली आणि रीतसर करारनामा लिहून कट शिजला. रिझिओच्या देहावर पन्नासाहून अधिक वार झाले. डार्न्लीचा खंजीर प्रेतातच राहू दिलेला होता. राजपतीला या कृत्यातून अंग काढून घेता येऊ नये, हा त्यातील हेतू उघड दिसतो. पुढे ११ महिन्यांतच, फेब्रुवारी १५६७ मध्ये, डार्न्लीचाही खून झाला.

रिझिओची म्हणून निश्चित सांगता येईल अशी एकही रचना उपलब्ध नाही. १७२५ मध्ये विल्यम थॉम्सनने ‘ऑर्फियस कॅलेडोनियस’ या संग्रहातील सात गीते त्याच्या नावावर घातली; १७३३ च्या आवृत्तीत मात्र ते श्रेय वगळले. उत्तरकाळाला त्याच्यातील गायक हवा होता, म्हणून लोकपरंपरेच्या अनामिक चाली त्याला बहाल केल्या गेल्या. मारेकऱ्यांना मात्र त्याच्या गाण्याशी कर्तव्य नव्हते. त्यांनी मारला तो चिटणीस. कंठाच्या बळावर त्याला राणीचे सान्निध्य लाभले. पण कुळ, जमीन व शस्त्र यांवर चालणाऱ्या त्या राज्यात त्याच्यामागे उभे राहणारे दुसरे कोणीही नव्हते.