शालेय संगीतवर्गातील वाद्ये : झीज, दुरुस्ती आणि नवी खरेदी

प्राथमिक शाळेच्या संगीतवर्गात पेटी आणि तबला-डग्गा यांना विश्रांती अशी नसतेच. रोजची प्रार्थना, समूहगीते, स्नेहसंमेलन असा वर्षभराचा भार सोसून ही वाद्ये थकतात आणि मग व्यवस्थापनाच्या बैठकीत नव्या खरेदीचा विषय येतो. तो निर्णय घेण्यापूर्वी या वाद्यांचा पूर्वेतिहास जाणून घेणे हितावह ठरेल.

पेटी मूळची युरोपातील. पॅरिस येथील अलेक्झांडर दबें यांनी १८४२ मध्ये हार्मोनियमचे एकस्व घेतले. पायाने भाता चालवावयाचे ते अवजड वाद्य होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी त्यास आपल्या बैठकीला साजेसे रूप दिले. एक हात भात्यावर, दुसरा पट्ट्यांवर. जमिनीवर बसून वाजवावे आणि उचलून दुसऱ्या वर्गात न्यावे, अशी ही सोय शाळांना मानवली.

याच सुमारास संगीतही घराण्यांच्या चौकटीतून वर्गात येत होते. कुरुंदवाडला जन्मलेले आणि मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेले पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १९०१ मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. अनेक विद्यार्थ्यांना एकत्र बसवून शिकविण्याची रीत त्यातून दृढ झाली.

पुढे १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली. तिच्या ठरावीक सुरांतून मींड आणि सूक्ष्म श्रुती निघत नाहीत, हा मुख्य आक्षेप होता. १९७१ पासून ही बंदी काही अटींवर शिथिल झाली. शाळांनी मात्र पेटी सोडली नाही. तरीही त्या आक्षेपातील इशारा शाळांनी विसरू नये. तो सुरात असलेल्या पेटीविषयी होता. बेसूर पेटीसमोर बसलेल्या बालकाचा कान तर चुकीच्या षड्जावरच घडतो. फुटलेला फळा पालकांच्या नजरेस पडतो, उतरलेला सूर पडत नाही.

वाद्य एकाच वेळी सर्वांगांनी जुने होत नाही. पेटीचा भाता घडीवर फाटतो, पावसाळ्यातील दमट हवेने झडपांचे चामडे आखडते, उंदीर तेच कुरतडतात. पितळी रीडचे टोक खरवडले की सूर चढतो, मुळाशी खरवडले की उतरतो. वारंवार जुळवणी करता करता रीड पातळ होऊन तुटते. तबल्याची शाई उडते, पुडी फाटते, वादी तुटते. खोड मात्र वर्षानुवर्षे टिकते. म्हणजे ज्याला आपण ‘वाद्य खराब झाले’ म्हणतो, ते बहुधा एखाद्या बदलता येण्याजोग्या भागाचे मरण असते.

हे भाग घडविणाऱ्यांचीही परंपरा आहे. शत्रुंजयाच्या यात्रेमुळे आपणा सर्वांस परिचित असलेले पालिताणा पेटीच्या रीडसाठीही वादकांत नावाजलेले आहे. मिरजेत शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांपासून तंतुवाद्यनिर्मितीची परंपरा सुरू झाली. तेथील सतार व तंबोऱ्यास २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. ज्या हातांनी वाद्ये घडविली, त्याच हातांनी ती पिढ्यान् पिढ्या दुरुस्तही केली.

म्हणून शाळेने प्रथम जाणकार कारागिरास बोलावून वाद्यांची तपासणी करावी. भाता, रीड, पुडी बदलून भागत असेल तर तेवढेच बदलावे. पेटीची मूळ लाकडी बैठक वाकली वा किडीने पोखरली असेल, तर मात्र मोह न धरता नवी पेटी घ्यावी आणि घेताना स्वस्ताईपेक्षा सूर पाहावा. अंदाजपत्रकात दुरुस्तीसाठी दरवर्षी स्वतंत्र तरतूद असावी. देणगीदारांनीही केवळ नावाची पाटी लावता येईल अशा नव्या वाद्यापुरते न थांबता या निरंतर खर्चास हातभार लावावा. कारागिरास काम मिळाले नाही, तर त्याचा मुलगा हा व्यवसाय धरणार नाही. आणि मग दुरुस्तीयोग्य वाद्यही टाकून देण्यावाचून शाळांपुढे मार्ग उरणार नाही.