सीताफळाच्या गुणसूत्रांपासून कर्कपेशीपर्यंत

महाराष्ट्रातील पेशीविज्ञानाच्या, म्हणजेच पेशीची अंतर्गत रचना व तिचे व्यापार अभ्यासणाऱ्या शास्त्राच्या, इतिहासात कमल रणदिवे (पूर्वाश्रमीच्या समर्थ) यांचे स्थान मोठे आहे. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या आणि फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेल्या रणदिवे यांनी १९४३ साली पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून एम.एस्सी. केले, तेव्हा त्यांचा विषय सीताफळ-रामफळाच्या कुळातील गुणसूत्रांचा होता.

गुणसूत्रे म्हणजे पेशीच्या केंद्रकातील आनुवंशिक द्रव्याचे धागे. एरवी ते एकमेकांत गुंतलेले असतात, पेशीचे विभाजन होताना मात्र आखडून जाड होतात आणि तेव्हाच ते मोजता येतात. सीताफळाच्या पेशीत ते १४ भरतात. मात्र जिवंत पेशी जवळजवळ पारदर्शक असल्याने तिला आधी रसायनांनी आहे त्या अवस्थेत स्थिर करावे लागते, मग तिचे अभिरंजन करावे लागते, म्हणजे रंगद्रव्याने तिचे घटक उठावदार करावे लागतात. ही पूर्वतयारी फसली तर उत्तम सूक्ष्मदर्शकही निरुपयोगी ठरतो. मानवी गुणसूत्रे ४८ असतात असे कित्येक दशके मानले गेले. पेशी विरल द्रावणात फुगवून गुणसूत्रे सुटी करण्याची युक्ती साधल्यावरच, १९५६ साली, चियो आणि लेव्हान यांना ती ४६ असल्याचे दाखवता आले. पेशीदर्शनाच्या इतिहासात भिंगांइतकेच श्रेय या हातकौशल्याला द्यायला हवे, आणि ते सहसा दिले जात नाही.

मुंबईत विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली रणदिवे यांनी १९४९ साली पीएच.डी. मिळवली आणि पुढे त्या बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. तेथे ऊतिसंवर्धन, म्हणजे शरीराबाहेर पोषक द्रवात पेशी वाढवण्याचे तंत्र, आत्मसात करून त्यांनी ते मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात रुजवले. काचेवर पातळ पसरलेली पेशी निरीक्षणास फार सोयीची असते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अखंड पेशी प्रथम पाहिली गेली, १९४५ साली न्यूयॉर्कमध्ये, तीही अशीच संवर्धित होती.

रणदिवे यांच्या संशोधनाचा एक प्रमुख विषय असलेल्या स्तनांच्या कर्करोगाला उंदरांमध्ये आईच्या दुधातून पिलांकडे जाणारा एक विषाणू कारणीभूत ठरतो. साध्या सूक्ष्मदर्शकाला सुमारे २०० नॅनोमीटरहून लहान तपशील वेगळा दाखवता येत नाही आणि हा विषाणू त्याहून लहान आहे. त्यामुळे कर्कपेशीचे विभाजन डोळ्यांना दिसत असतानाही हा विषाणू पाहण्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकच लागतो.