आवळ्याचा अर्क आणि डीएनएचे रक्षण : एका दाव्याचा इतिहास

अंतिम वर्षाच्या प्रकल्पांच्या यादीत एक विषय हमखास असतो : 'अमुक औषधी वनस्पतीच्या अर्काची अँटिऑक्सिडंट व डीएनए-संरक्षक क्षमता'. वनस्पती बदलते, पद्धत तीच राहते. जांभळे द्रावण पिवळे होते, जेलवर एक पट्टा टिकून राहतो आणि निष्कर्षात लिहिले जाते की ही वनस्पती कर्करोग व वार्धक्य यांवर उपयुक्त आहे. या टिपणात आपण आवळा हे एकच उदाहरण घेऊन पाहू, की असा दावा टप्प्याटप्प्याने कसा घडत गेला आणि त्यातील कोणता भाग पुराव्यावर उभा आहे. हा इतिहास माहीत असला म्हणजे आपल्या प्रयोगाचा अर्थही नीट लावता येतो.

१. शब्दाचा उगम

अँटिऑक्सिडंट हा शब्द प्रथम दवाखान्यात नव्हे, तर रसायनांच्या गोदामात रुजला. तेल खवट होते, रबर ठिसूळ होते, वंगण घट्ट होते. या सर्वांमागे हवेतील ऑक्सिजन असतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रान्समध्ये शार्ल मूरू आणि शार्ल द्यूफ्रेस हे अ‍ॅक्रोलीन नावाचे द्रव्य टिकवण्याच्या खटपटीत होते. हायड्रोक्विनोनसारखे फिनॉल अगदी थोडे घातले तरी ते खराब होत नाही, हे त्यांना दिसले. आज रोहित्राच्या तेलातही अशाच कामासाठी फिनॉल वर्गातील द्रव्य घालतात.

याचे कारण पुढे मुक्त मूलकांच्या कल्पनेतून कळले. ज्याच्याकडे एक इलेक्ट्रॉन जोडीविना आहे, असा रेणू किंवा अणुगट म्हणजे मुक्त मूलक. असे मूलक स्थिर राहू शकते हे मोझेस गोम्बर्ग यांनी १९०० मध्ये दाखवले होते. फिनॉल आपला हायड्रोजन अणू मूलकाला देऊन टाकते आणि अभिक्रियेची साखळी तुटते. वनस्पतींमध्ये फिनॉल वर्गातील द्रव्ये विपुल असतात. आवळ्याला तुरटपणा देणारी टॅनिन त्यांपैकीच होत.

२. मद्रास, १९३६

सेंट-जॉर्जी यांनी १९२८ मध्ये वेगळे केलेले द्रव्य म्हणजेच क जीवनसत्त्व, हे १९३२ मध्ये स्पष्ट झाले. लगेच जगभर फळांतील क जीवनसत्त्व मोजण्याची लाट आली. आवळा त्यात फारच वरच्या क्रमांकावर निघाला. पण एक कोडे होते. हे जीवनसत्त्व नाजूक. उष्णता, हवा आणि तांब्याचा अंश यांनी ते लवकर नष्ट होते. मग वाळवलेल्या आवळकाठीत ते इतके दिवस कसे टिकते?

मद्रास येथील एम. दामोदरन आणि के. आर. नायर यांनी १९३६ मध्ये 'बायोकेमिकल जर्नल'मध्ये याचे उत्तर मांडले. आवळ्यातून त्यांनी एक टॅनिन वेगळे केले आणि ते क जीवनसत्त्वाचे ऑक्सिडीकरण रोखते असे दाखवले. म्हणजे फळातच जीवनसत्त्व आणि त्याचा राखणदार असे दोन्ही आहेत. औषधी वनस्पतींच्या अँटिऑक्सिडंट गुणावरील भारतीय संशोधनात हा निबंध फार जुना आणि मोलाचा आहे. त्यात कोणत्याही रोगाचा दावा नव्हता. एक नेमका प्रश्न होता आणि त्याचे नेमके उत्तर होते, हे लक्षात ठेवा.

३. मूलके पेशीत शिरली

हायड्रोजन पेरॉक्साइड आणि लोहाचे क्षार एकत्र आले की तीव्र ऑक्सिडीकरण होते, हे फेंटन यांनी १८९४ मध्येच नोंदवले होते. त्यातून हायड्रॉक्सिल मूलक तयार होते हा विचार हाबर आणि वाइस यांनी १९३४ मध्ये मांडला. पण सजीवांशी त्याचा संबंध बराच काळ दूर होता. १९५४ मध्ये रेबेका गेर्शमन आणि सहकाऱ्यांनी सुचवले की ऑक्सिजनची विषबाधा आणि क्ष-किरणांची इजा यांचे मूळ एकच आहे : मुक्त मूलके. १९५६ मध्ये डेनहॅम हार्मन यांनी वार्धक्याचा मूलक सिद्धांत मांडला. तरीही अनेकांना शंका होती. १९६९ मध्ये मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइड मूलक निकामी करणारे विकर दाखवल्यावर चित्र पालटले. पेशी स्वतःच असे विकर बाळगते, म्हणजे धोका खरा असणार!

येथून 'मूलके डीएनए तोडतात, फिनॉल मूलके विझवतात, म्हणून वनस्पती डीएनए वाचवतात' अशी तर्कसाखळी तयार झाली. तिची प्रत्येक कडी स्वतंत्रपणे तपासावी लागते.

४. कलकत्ता आणि वाराणसी

कलकत्ता विद्यापीठात अर्चना शर्मा या गुणसूत्रांच्या नामवंत अभ्यासक होत्या. त्यांचा जन्म पुण्याचा. त्यांच्या गटाने १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात उंदरांना सात दिवस आवळ्याचा अर्क दिला, नंतर शिसे व अ‍ॅल्युमिनियम यांचे क्षार टोचले आणि अस्थिमज्जेतील पेशींची गुणसूत्रे तपासली. अर्क घेतलेल्या उंदरांत गुणसूत्रांची मोडतोड कमी आढळली. दुसऱ्या गटाला तेवढेच शुद्ध क जीवनसत्त्व दिले होते. ते धातूच्या कमी मात्रेला पुरले, जास्त मात्रेला पुरले नाही. शुद्ध द्रव्याचा गट शेजारी ठेवल्यामुळेच 'अर्कात आणखी काहीतरी आहे' असे म्हणता आले. प्रकल्पात हा शेजारचा गट नसेल, तर तुमचा निष्कर्ष लंगडा राहतो.

ते 'आणखी काहीतरी' कोणते? वाराणसीच्या शिबनाथ घोषाल यांच्या गटाने १९९६ मध्ये एम्ब्लिकॅनिन नावाच्या दोन टॅनिनांची माहिती दिली आणि आवळ्यात ज्याला क जीवनसत्त्व समजले जाते ते खरे तर ही टॅनिनच आहेत, असे मत मांडले. २००६ मध्ये एका इटालियन गटाने सुधारित पद्धतीने फळात क जीवनसत्त्व असल्याचे दाखवले. २००९ मध्ये आणखी एका गटाने तर एम्ब्लिकॅनिन या नावांबद्दलच शंका घेतली.

हा वाद निव्वळ पंडिती नाही. क जीवनसत्त्व मोजण्याच्या जुन्या पद्धतीत एका निळ्या रंगद्रव्याचा रंग घालवण्याची क्षमता मोजतात. पण टॅनिनही असा रंग घालवू शकतात. जुन्या भारतीय अन्नकोष्टकांत १०० ग्रॅम आवळ्यात ६०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व दिलेले असे. २०१७ च्या कोष्टकात ते सुमारे २५० मिलिग्रॅम आहे. जात, पक्वता आणि साठवण यांनी फरक पडतोच, पण पद्धतीचा वाटाही विसरता येत नाही. मोजमाप बदलले की वस्तूही बदलल्यासारखी भासते.

५. आपल्या प्रयोगशाळेतील दोन कसोट्या

पहिली कसोटी डीपीपीएच. हे स्थिर मूलक जांभळे असते आणि ५१७ नॅनोमीटरला प्रकाश शोषते. अँटिऑक्सिडंट मोजण्यासाठी त्याचा वापर ब्लॉइस यांनी १९५८ मध्ये सुचवला. अर्क घातल्यावर रंग पिवळा होत जातो. कसोटी स्वस्त आणि सोपी असल्याने घरोघरी पोहोचली. पण डीपीपीएच शरीरात कुठेही नसते. आवळा, चहा, डाळिंबाची साल असे काहीही तुरट घातले तरी ते फिके होणारच.

दुसरी कसोटी प्लाझ्मिड डीएनएची. अखंड वर्तुळाकार डीएनए पिळलेल्या अवस्थेत असतो आणि जेलमध्ये भरभर पुढे जातो. एक धागा तुटला की पीळ सुटतो आणि तो मागे रेंगाळतो. लोह व पेरॉक्साइड मिसळून डीएनए तोडायचा, सोबत अर्क घालायचा आणि पुढचा पट्टा किती टिकला ते पाहायचे. येथे एक प्रश्न विचारा : अर्काने मूलक विझवले, की लोहच पकडून ठेवले? टॅनिन लोहाला घट्ट धरतात. जुनी काळी शाई त्यावरच होत असे. लोहच अडकले तर मूलक तयारच होणार नाही. पट्टा दोन्ही वेळा सारखाच दिसेल.

६. नाण्याची दुसरी बाजू

अलिगढ मुस्लिम विद्यापीठात एस. एम. हादी यांच्या गटाने १९८० च्या दशकापासून उलटी गोष्ट दाखवली. वनस्पतीतील फिनॉल वर्गाची काही द्रव्ये तांब्याच्या सान्निध्यात डीएनएचे धागे तोडतात! कारण सरळ आहे. जे द्रव्य इलेक्ट्रॉन देते ते मूलकाला देईल तसे धातूलाही देईल, आणि त्यातून पुन्हा फेंटनसारखी अभिक्रिया सुरू होईल. म्हणजे 'रक्षक' हा गुण द्रव्यात एकट्यात नसतो. तो मात्रा, धातू आणि परिसर यांवर ठरतो.

माणसांवरील चाचण्यांनीही हाच धडा दिला. फिनलंडमध्ये २९,१३३ पुरुष धूम्रपान करणाऱ्यांवर केलेल्या चाचणीचा निकाल १९९४ मध्ये आला. बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी वाढलेला आढळला. परीक्षानळीत बीटा कॅरोटीन उत्तम अँटिऑक्सिडंट आहे, यात शंका नव्हती. आवळ्याच्या मोठ्या टॅनिनांचे तर बरेचसे आतड्यातील जिवाणूच रूपांतर करतात. पेशीपर्यंत मूळ रेणू फारसा पोहोचतच नाही.

७. समारोप

याचा अर्थ आवळा निरुपयोगी आहे असा मुळीच नाही. ते पौष्टिक फळ आहे, आणि मोरावळा खाण्यासाठी कोणाला डीपीपीएचची परवानगी लागत नाही. चरकसंहितेतील रसायनाची कल्पनाही व्यापक आहे. तिला 'अँटिऑक्सिडंट' या एका शब्दात कोंबल्याने तिचा मान वाढत नाही. पण 'अर्क डीएनए वाचवतो' हे वाक्य छापले की ते बाटलीवर जाते, आणि बाटली रुग्णाच्या घरी जाते. किरणोपचार मूलकांच्याच बळावर कर्करोगाच्या पेशी मारतात. अशा वेळी डॉक्टरांना न विचारता घेतलेला तीव्र अर्क अडचणीचा ठरू शकतो. म्हणून निष्कर्षातील शेवटचे वाक्य तुमच्या जेलने जेवढे दाखवले तेवढेच लिहा. दामोदरन आणि नायर यांनी तेच केले, म्हणून त्यांचे काम आजही वाचावेसे वाटते.

स्वाध्याय

१. प्लाझ्मिड कसोटीत अर्क मूलक विझवतो की लोह पकडतो, हे ओळखण्यासाठी कोणता नियंत्रक प्रयोग जोडाल?
२. कलकत्त्याच्या प्रयोगात शुद्ध क जीवनसत्त्वाचा गट नसता, तर कोणते विधान करता आले नसते?
३. आपल्या मागील प्रकल्प अहवालातील एक निष्कर्ष निवडा आणि पुराव्यापुरताच उरेल असा तो पुन्हा लिहा.