एका वस्तीचे दोन झेंडे

१९३७. जोहान्सबर्गच्या नैऋत्येला, ऑर्लँडो नावाच्या वस्तीतल्या मोकळ्या जागेत तुम्ही उभे आहात. एकाच छापाच्या बुटक्या घरांच्या रांगा, पायाखाली लाल माती, आणि लांबवर सोन्याच्या खाणींतून उपसून टाकलेल्या मातीचे पिवळट डोंगर. समोर पोरं फुटबॉल खेळताहेत, बरीचशी अनवाणी. त्यांचे बाप गावाकडची शेती सोडून खाणीत राबायला आले. हे शहर त्यांच्या घामावर उभं राहिलं, पण त्याच शहरात पासशिवाय फिरायची त्यांना मुभा नाही.

पोरांचा संघ ऑर्लँडो बॉइज क्लबचा. बेथुएल मोकगोसिन्याना पदरमोड करून त्यांना जर्सी आणून देतात. तीन वर्षांनी, १९४० मध्ये, संघ बॉइज क्लबमधून बाहेर पडतो आणि मोकगोसिन्यानांच्याच घरी बैठक भरते. तुम्हीही कोपऱ्यात जागा धरून बसा. एरॉल फ्लिनचा 'द सी हॉक' नुकताच गाजलाय. त्यातल्या चाच्यांवरून नाव ठरतं, ऑर्लँडो पायरेट्स. या खोलीतल्या कुणालाही देशाच्या कारभारात मत नाही. आपला अध्यक्ष मात्र ते स्वतः ठरवतात. क्लब म्हणजे त्यांच्यासाठी काय होतं, ते इथेच कळतं: आपल्या मर्जीनं चालवता येईल अशी, आपल्या हक्काची एक गोष्ट.

आता तीस वर्षं पुढे या. जानेवारी १९७०. कायझर मोटाउंग अमेरिकेहून परतलाय. सोळाव्या वर्षी पायरेट्सकडून खेळायला लागलेला हा ऑर्लँडोचा पोरगा अटलांटा चीफ्सकडून खेळून नाव कमावून आला. इकडे पायरेट्समध्ये भांडणं पेटलेली. तो स्वतःचा वेगळा क्लब काढतो, कायझर चीफ्स. रंग काळा आणि सोनेरी, खूण दोन बोटांची, घोषणा प्रेम आणि शांततेची. पायरेट्सचे लोक छातीसमोर मनगटांची फुली करून उत्तर देतात. घरोघरी वाटणी होते. बाप पायरेट्सचा, लेक चीफ्सचा, आणि रविवारच्या जेवणाला दोघं एकाच टेबलाशी. हे वैर परक्यांचं नाही, भाऊबंदकीचं आहे, म्हणून ते इतकं झोंबतं.

त्याच दशकातल्या एका लग्नाला चला. नवरदेव पायरेट्सचा खेळाडू जोमो सोनो. वडील एरिक 'स्कारा' सोनो पायरेट्सचे कर्णधार. १९६४ च्या मोटार अपघातात ते गेले. आजी-आजोबांना हातभार म्हणून हा मुलगा सामन्यांना आणि रेल्वे स्टेशनांवर सफरचंदं, शेंगदाणे विकायचा. आज मांडवात निरोप येतो की हायलँड्स पार्कविरुद्ध पायरेट्स दोन गोलांनी मागे आहेत. नवरदेव उठतो आणि थेट मैदान गाठतो. पायरेट्स ४-२ नं जिंकतात. ऑर्लँडो ज्यात मोडतं त्या सोवेटोत हा किस्सा आजही लोक रंगवून सांगतात.

१६ जून १९७६. सकाळच्या गारठ्यात गणवेशातली हजारो मुलं ऑर्लँडो स्टेडियमच्या दिशेनं निघाली आहेत. आफ्रिकान्स भाषेतून शिकण्याची सक्ती त्यांना नको आहे, आणि सभा भरवायला हेच मैदान त्यांना आपलं वाटतं. तुम्ही त्यांच्याबरोबर चालताय. मोर्चा स्टेडियमपर्यंत पोचतच नाही. ऑर्लँडो वेस्टमध्ये पोलीस गोळ्या झाडतात. हेक्टर पीटरसन नावाचा कोवळा मुलगा त्यात जातो. गोळी झाडणाऱ्यांनी कुणालाही त्याचा क्लब विचारला नव्हता.

१६ डिसेंबर १९९५, आबिदजान. वर्णद्वेषी राजवट जाऊन दीड वर्ष झालंय. आफ्रिकन चॅम्पियन्स कपच्या अंतिम फेरीत घरच्या मैदानावर पायरेट्सची असेक मिमोसासशी २-२ अशी बरोबरी झालेली. आता परक्या मैदानात जेरी सिखोसाना एकुलता एक गोल करतो. दक्षिण आफ्रिकेतल्या क्लबनं हा चषक प्रथमच जिंकलाय, आणि सोवेटोत चीफ्सवाल्यांच्या गल्ल्यांतही त्या रात्री लवकर निजानीज होत नाही.

यापुढचा मुक्काम अवघड आहे, पण तो टाळून पुढे जाता येणार नाही. ११ एप्रिल २००१, एलिस पार्क, पायरेट्स विरुद्ध चीफ्स. तुम्ही फाटकाबाहेर आहात. आत मैदान खच्चून भरलंय, बाहेर अजून हजारो लोक. आत गोल होतो, आरोळी उठते, आणि मागची गर्दी पुढे रेटते. तुमचे हात छातीशी अडकतात, पाय जमिनीवरून सुटतात. कुणीतरी ओरडतं, मागे सरा. मागे सरायला जागाच नाही. सुमारे अर्ध्या तासानंतर सामना थांबवतात तोवर ४३ माणसं गेलेली असतात. दहा वर्षांपूर्वी, १३ जानेवारी १९९१ ला, ऑर्कनीत याच दोन क्लबांच्या सामन्यात ४२ गेली होती.

आता आजच्या एफएनबी स्टेडियमवर या. नव्वद हजारांहून जास्त माणसं मावतील असं मैदान. शेजारच्या चाहत्याच्या डोक्यावरचा मकारापा नीट न्याहाळा. कामगाराचं हेल्मेट कापून, पत्ती वर वळवून, त्यावर संघाचं चिन्ह रंगवलंय. १९७९ मध्ये मैदानावर कुणाला तरी बाटली लागलेली पाहून चीफ्सचे चाहते अल्फ्रेड बलोई यांनी ही कल्पना काढली. डोकं वाचवायला आलेली वस्तू आज दोन्ही बाजूंची शान झाली आहे.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे इथे दोन बाजूंचे प्रेक्षक वेगवेगळ्या कुंपणांत कोंडलेले नाहीत. पायरेट्सचा काळा-पांढरा आणि चीफ्सचा काळा-सोनेरी एकाच रांगेत, खांद्याला खांदा लावून बसतात, डिवचतात, गातात. जगातल्या कितीतरी नामांकित डर्बींना हे जमलेलं नाही. तेव्हा एक बाजू जरूर निवडा, घसा बसेपर्यंत ओरडा, हरलात तर आठवडाभर टोमणे खा. फक्त शेजारचा माणूस सुखरूप घरी पोचेल एवढं बघा. त्या ८५ जणांचं देणं दुसऱ्या कशानंही फिटणार नाही.